आडव्या माणसाचं चित्र

परवा सातवीच्या वर्गात मुलींना म्हटलं, "आज झोपलेलं माणूस काढा." एप्रिल लागलाय, परीक्षा तोंडावर आलीय, आणि चित्रकलेचा तास म्हणजे बाकीच्या विषयांच्या धास्तीतून मिळालेली सुट्टी असं सगळ्यांनीच धरून ठेवलेलं असतं. बाकांमधून फिरताना दिसलं, की निम्म्याहून जास्त मुलींनी एक ताठ उभं माणूस काढलंय, हात अंगालगत, पाय सरळ, आणि मग कागद फिरवून त्याच्या डोक्याखाली उशी सरकवलीय. एकीनं तर वर चादरही घातली होती. चादरीखालचा माणूस मात्र अजून उभाच होता.

"झोपलाय की बाई," ती म्हणाली. "डोळं मिटल्यात बघा."

मला हसू आलं. चूक दाखवायला खडू उचलला आणि तो हातातच राहिला. उभं माणूस फिरवलं म्हणून आडवं होत नाही, एवढी एक गोष्ट शिकायला मला अख्खा चैत्र लागला होता. ती फळ्यावर दोन रेघांत कशी सांगायची?

तो चैत्र नव्वदीच्या दशकातला. कोल्हापुरात रंकाळ्याच्या अलीकडे, बंद पडलेल्या तेलाच्या घाण्याच्या शेडमध्ये सुतार सरांची चित्रशाळा भरायची. घाणा जाऊन कैक वर्षं झाली होती, तरी उन्हं तापली की भिंतींतून शेंगतेलाचा वास सुटायचा आणि आमच्या जवसाच्या तेलात, टर्पेंटाइनमध्ये मिसळायचा. वरती पत्रे. अकरा वाजले की ते कडकड वाजायला लागायचे. कोळशानं काढलेलं पुसायला आम्ही पाव आणायचो. त्यातला मऊ भाग चित्राला आणि कडेचा पोटाला. अजूनही बेकरीसमोरून जाताना ताज्या पावाचा वास आला, की माझी बोटं आपोआप काळी झाल्यासारखी वाटतात.

मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. वर्गात मुली दोनच, मी आणि रेखा. आमच्या अप्पांचं लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान. घरात लिंगायती शिस्त, अव्वाचं, म्हणजे आईचं, माहेर गडहिंग्लजच्याही पलीकडचं, त्यामुळे राग आला की ती कन्नडमध्ये आणि माया आली की मराठीत बोलायची. पोरगी चित्रकलेची मास्तरीण होईल, शाळेत नोकरी लागेल, या आशेवर अप्पांनी मला तिथं घातलं होतं. तिथं माणसं बघून काढतात, एवढं त्यांना माहीत होतं. ती माणसं कपड्यांत नसतात, हे सांगायची वेळ आली नव्हती आणि मी ती आणलीही नव्हती.

आमचं ते माणूस म्हणजे हिंदुराव पैलवान. चाळिशी ओलांडलेली, कान मोडून भज्यासारखे झालेले, मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते कळू नये असा देह. उजवा गुडघा कामातून गेल्यावर त्यांची कुस्ती सुटली होती. पहाटे एका तालमीत पोरांना डाव शिकवायचे आणि दिवस वर आला की आमच्याकडे यायचे. लंगोटावर लाकडी चौथऱ्यावर उभे राहिले, की शेड लहान वाटायला लागायची. पहिल्या दिवशी रेखा आणि मी कागदाच्या मागे तोंड लपवलं होतं. पंधरवड्यात ते सगळं गेलं. मग राहिला तो नुसता उजेड, कुठल्या स्नायूवर थांबतो आणि कुठून घरंगळतो एवढाच.

परीक्षा जवळ आली तसं सर म्हणाले, "उभी झाली, बसलेली झाली. आता आडवी आकृती. ही ज्याला आली त्याला माणूस आला." मग आम्हाला समजावत राहिले. उभा माणूस स्वतःला धरून असतो. आडवा झाला की धरणं सोडतो, अंगाचा प्रत्येक भाग आपापलं वजन जमिनीला देऊन टाकतो. कुठे किती दिलं ते बघा. पायांकडून बघाल तर तळवे एवढे मोठे आणि डोकं सुपारीएवढं दिसेल, घाबरू नका, दिसतं तसंच काढा.

मग पैलवानांकडे वळून म्हणाले, "पाठीवर झोपा, पैलवान. हात सैल सोडा."

पैलवान चौथऱ्यावर बसले. बसलेच.

"पाठ न्हाय लावायची, सर," ते म्हणाले. "दुसरं काय बी सांगा."

कुणीतरी खुदकन हसलं. सरांनाही आधी गंमत वाटली. ते म्हणाले, "अहो, इथं काय कुस्ती हाय का? कोण बसलंय तुमच्या छातीवर?"

"कोण न्हाय. तरी पाठ न्हाय लावायची."

"घरी झोपताना लावता का न्हाय?"

"न्हाय. कुशीवर झोपतो."

सरांचा आवाज चढला. पोरांचं वर्षाचं नुकसान होईल, लहान मुलासारखा हट्ट करताय, असं बरंच बोलले. पैलवानांनी शर्ट चढवला, लेंग्याची नाडी बांधली, आणि दुखरा पाय जरा ओढत उन्हात निघून गेले. चौथऱ्यावर त्यांच्या घामाचा ओला ठसा थोडा वेळ राहिला, मग तोही वाळला.

पुढचे काही दिवस आमच्याकडे माणूसच नव्हतं. एक प्लास्टरचा ग्रीक तरुण होता, आडवा पडलेला, पण त्याला गुडघ्याखाली पाय नव्हते. आणि सरांच्या कपाटात परदेशी चित्रांचं एक जाड पुस्तक होतं. त्यात लोळणाऱ्या बायकाच बायका. गाद्यांवर, रेशमावर, झाडाखाली. एक हात डोक्यामागे, एक मांडीवर, केस नीट विंचरलेले. सर ते पुस्तक कौतुकानं उघडायचे. मांसाचा रंग कसा लावलाय बघा म्हणायचे, आणि तो खरोखरच असा लावलेला होता, की हात लावला तर ऊब लागेल.

त्यातलं एक मी कागदावर उतरवून घरी नेलं. ट्रंकेत लपवायच्या आधीच अव्वानं पाहिलं. मला वाटलं, आता कन्नड सुरू होणार. तिनं दाराला आतून कडी घातली, कागद खिडकीशी नेला आणि बराच वेळ बघत राहिली.

"ही झोपलीया व्हय?" तिनं विचारलं.

"झोपलीय. म्हणजे आडवी झालीय."

"झोपल्यावर बाई आशी दिसत न्हाय," अव्वा म्हणाली. "ही जागी हाय. कोणतरी बघायलंय, ते हिला ठावं हाय." मग कागद माझ्या हातात देत म्हणाली, "साकु. ठेव आता. अप्पाला दावू नको."

साकु म्हणजे पुरे. पण माझं पुरे झालं नाही. त्या दिवसांत गच्चीवर कुरडया आणि सांडगे वाळत असायचे. पहाटेपासून चिकाशी झटून अव्वा दुपारी माजघरातल्या फरशीवर अंग टाकायची. आयुष्यभर मी तिला तशी बघत आले होते आणि एकदाही बघितलं नव्हतं. त्या दुपारी बघितलं. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी ओढलेले, एक दंड उशाला आणि दुसरा हात पुढे फरशीवर पसरलेला, जणू तिथं अजून एखादं तान्हं आहे आणि ते सरकून जाऊ नये म्हणून ती धरून आहे. तिचं सगळ्यात धाकटं बाळ म्हणजे मी, आणि मी वीस वर्षांची घोडी समोर बसले होते. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी एका बाजूला ओघळून फरशीला टेकली होती. लुगडं घोट्यापर्यंत ओढलेलं. पुस्तकातल्या बायकांनी अंगावर काही घेतलं नव्हतं, तरी त्या मला कळल्या नव्हत्या. माझी आई डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली होती आणि तिचं थकणं मला फरशीवर उमटलेलं दिसत होतं.

मी काढत होते. जिन्यावर अप्पांच्या चपला वाजल्या. डोळे उघडायच्या आधी अव्वाचा हात पदराकडे गेला, आणि अप्पा दारात येईपर्यंत ती उठून बसलेली होती. पुरुषांसमोर आडवं व्हायचं नाही, हे तिला कुणी कधी सांगितलं होतं कोण जाणे. झोपेतसुद्धा ते तिच्या लक्षात असायचं.

अप्पा त्या दिवशी वेळेआधी आले होते, ते दुकानात झालेल्या बोलण्यामुळे. शेजारच्या व्यापाऱ्यानं गिऱ्हाइकांसमोर विचारलं होतं, "काय शेट, तुमची मंगल नागड्या पैलवानास्नी बघून चित्रं काढती म्हणं?"

"खरं हाय का?" अप्पांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "लंगोट असतोय, अप्पा."

अप्पांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. रात्री जेवून उठताना अव्वाला एवढंच म्हणाले, "परीक्षा-बिरीक्षा राहू दे. उद्यापासनं जायचं न्हाय." मी रात्रभर रडले आणि सकाळी अव्वानं माझ्या हातात डबा ठेवला. "जा," ती म्हणाली. "मी बघतो." कोल्हापुरात राहून तीही इथल्या बायकांसारखी 'बघतो' म्हणायला शिकली होती.

मी शेडवर पोचले तर वर्ग चिडीचूप होता. सर चौथऱ्याशी उभे होते आणि शर्टाची बटणं काढत होते. साठीला टेकलेले आमचे सर, ज्यांना आम्ही कधी बाह्या दुमडलेलंही पाहिलं नव्हतं, त्यांनी शर्ट काढला, बनियन काढला, आतल्या खोलीत जाऊन पंचा नेसून आले आणि चौथऱ्यावर उताणे झोपले.

रेखा उठून दाराकडे निघाली.

"रेखा, बस," सर छताकडे बघत म्हणाले. "लाजायचं आसंल तर मी लाजीन. तू काढ."

आणि आम्ही काढू लागलो. पैलवानांचं शरीर काढताना आम्ही स्नायूंची नावं पाठ म्हणत असू. इथं नावं लागू पडत नव्हती. छाती पसरून सपाट झाली होती, बरगड्या वर आल्या होत्या, पोट एका अंगाला कललं होतं. गळ्याखाली उन्हानं रापलेला त्रिकोण आणि त्याखाली दिवस कधी न पाहिलेली पांढरी कातडी. गुडघ्यांच्या वाट्या पोरांच्या गुडघ्यांसारख्या. ते आमच्यावर ओरडायचे, आमचे कागद फाडायचे, ते सगळं उभ्या माणसाचं होतं. हा आडवा माणूस कुणालाच काही करू शकला नसता. मला भीती वाटत होती आणि हात मात्र कधी नव्हे इतका स्थिर चालला होता.

अशात दारात सावली पडली. पांढरा शर्ट, टोपी. अप्पा.

माझा कोळसा थांबला. अप्पा आत आले नाहीत. उंबऱ्यावर उभे राहून बघत राहिले. त्यांच्या मनात काय चित्र असेल ते मला कळत होतं. त्या चित्रात एक तरणाबांड उघडा पैलवान होता आणि त्यांची मुलगी होती. समोर दिसत होता तो पंचा नेसलेला एक म्हातारा.

विश्रांतीची वेळ झाली. सर उठायला गेले आणि त्यांना उठता येईना. पाय बधिर झाला होता. ते एका कोपरावर टेकून धडपडले. आम्ही सगळे उभे राहिलो, पण पुढे कुणी होईना, कारण गुरुपौर्णिमेला पायाला हात लावण्यापलीकडे सरांना कुणी शिवलं नव्हतं. अप्पा चपला काढून आत आले. पोती उचलणाऱ्या माणसाचे हात ते. त्यांनी सरांच्या काखांत हात घालून अलगद बसवलं, आणि खाली उकिडवे बसून त्यांची पोटरी चोळायला लागले.

"मुंग्या आल्यात?"

"आल्यात."

"जरा थांबा. जातील." थोड्या वेळानं अप्पांनी विचारलं, "तुमी कशाला झोपला, मास्तर?"

"दुसरं कोण झोपत न्हाय म्हणून," सर म्हणाले.

चहा आला. अप्पा बशीतून चहा पीत वर्गात फिरले आणि माझ्या कागदापाशी थांबले. बराच वेळ.

"हे पोट आसं कडंला का गेलंय?"

"आडवं झाल्यावर जातंय, अप्पा."

त्यांनी एकदा सरांकडे बघितलं, मग नकळत स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "माझं बी जात आसंल," ते म्हणाले.

संध्याकाळी अव्वाला सांगताना मी ऐकलं. "म्हातारं माणूस निजलेलं काढत्यात. पंचा असतोय. बसू दे परीक्षेला." अव्वानं हूं म्हटलं आणि भाकरी उलटली.

ते चित्र पुढे मी फ्रेम केलं नाही आणि कुठल्या प्रदर्शनात ठेवलं नाही. सर गेले त्या वर्षी त्यांच्या घरी नेऊन दिलं. त्यांच्या पत्नीनं ते बघितलं आणि म्हणाल्या, "असेच झोपायचे." एखाद्या चित्राला याहून मोठी पावती मिळते, असं मला अजून तरी दिसलेलं नाही. आता त्या शेडच्या जागी मंगल कार्यालय झालंय. आणि परीक्षेत काय आलं म्हणाल, तर खुर्चीवर बसलेली आकृती आली. आडव्या माणसासाठी एवढा जीव टाकला, त्याचं कुणी विचारलंसुद्धा नाही. मी पास झाले, नोकरी लागली, अप्पांची आशा पुरी झाली.

पण परीक्षेआधीचा एक दिवस राहून राहून आठवतो.

जोतिबाची यात्रा नुकतीच झाली होती. रस्त्यात जिकडे तिकडे गुलालानं माखलेली माणसं, गुलालानं माखलेल्या गाड्या. त्या सकाळी हिंदुराव पैलवान शेडच्या दारात येऊन उभे राहिले. आदल्या दिवशी ते डोंगरावर पायी जाऊन आले होते, तसल्या गुडघ्यानं. मोडलेल्या कानांच्या घड्यांत गुलाल तसाच होता.

"सर, तुमी पाठ लावली म्हणं," ते म्हणाले.

"लावली की."

"माझ्यामुळं."

"पोरांसाठी. आणि माझं काय, पैलवान, मी कुणाशी लढलोच न्हाय कधी. माझ्या पाठीला कोण विचारतंय?"

पैलवान चौथऱ्याच्या कडेला बसले. गुडघा चोळत, खाली बघत, त्यांनी सांगितलं. शाहूवाडीकडच्या एका जत्रेतलं मैदान होतं. समोरचा अंगानं दीडपट. त्यानं खाली घेतलं, छातीवर रेटा दिला. खांदे टेकवायचे नाहीत म्हणून यांनी डोकं आणि टाचांवर अंग उचलून धरलं. गुडघ्यातून आवाज आला, तो लांब बसलेल्या लोकांनीही ऐकला. तरी धरून ठेवलं. पंचांनी कुस्ती सोडवली. "चित न्हाय झालो," ते म्हणाले. "पाय दिला, पाठ न्हाय दिली. तेवढंच ऱ्हायलंय माझ्यापाशी, सर."

सर त्यांच्या शेजारी चौथऱ्यावर टेकले. मग म्हणाले, "माझं चुकलं, पैलवान. मी तुम्हाला इचारायला पायजे होतं."

"कुशीवर चालंल का?"

"चालंल म्हणजे? आपल्या अंबाबाईच्या देवळात शेषशायी हाय, तो काय उताणा हाय? देवाला चालतंय ते आम्हाला चालंल."

पैलवान हसले, लंगोटावर आले आणि उजवा हात डोक्याखाली घेऊन कुशीवर आडवे झाले. कमरेचा उंच डोंगर, त्यावरून घसरत जाणारी मांडी, खांद्यापाशी आडोशाला साचलेली सावली. आम्ही भान हरपून काढायला बसलो. शेड तापत चालली होती. आदल्या दिवशीची जोतिबाची चाल अजून त्यांच्या अंगात होती. हळूहळू त्यांचा श्वास लांबला, जबडा सैल झाला. ते झोपले.

आणि झोपेत, एक लांब सुस्कारा टाकून, ते उताणे झाले.

दोन्ही हात बाजूला पडले. खांदे टेकले, पाठ टेकली, ती सबंध रुंद पाठ लाकडाला लागली. मोडलेला गुडघा बाहेरच्या बाजूला कलला. चेहऱ्यावरचं सगळं राखणं गेलं होतं. आम्ही इतके दिवस शोधत होतो ती आकृती समोर होती, खिडकीतला उजेड नेमका छातीवर पडलेला, तळवे आमच्याकडे. असं पुन्हा मिळणार नव्हतं, हे प्रत्येकाला कळत होतं.

पुढच्या बाकावरच्या दिलीपनं नवा कागद ओढला आणि पहिली रेघ मारली. सर चवड्यांवर चालत त्याच्यापाशी गेले आणि त्या कागदावर आपला पंजा पसरून ठेवला. मग आमच्याकडे बघून नुसती मान हलवली. नाही.

एकेकानं कोळसा खाली ठेवला. पत्रे वाजत होते. बाहेर कुणीतरी सायकलवरून ओरडत कलिंगडं विकत गेला. आम्ही बसून राहिलो. काहींनी मान फिरवली. मी फिरवली नाही. मी बघत राहिले, पण बघण्यातही आता घेणं नव्हतं. घरात कुणी दमून झोपलं असलं की आपण आवाज न करता बसतो, तसं ते होतं.

कितीतरी वेळानं ते वळले, पुन्हा कुशीवर झाले, आणि तसेच जागे झाले. तोंडावरून हात फिरवला. आमच्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं.

"झोप लागलती व्हय मला?"

"जरा डोळा लागला व्हता," सर म्हणाले.

"कूस न्हाय न्हवं बदलली?"

"न्हाय," सर म्हणाले. "होता तसंच हायसा."

पैलवानांनी वर्गावरून नजर फिरवली. पुढच्या बाकांवरचे कागद त्यांना तिथून दिसत होते. सगळ्यांवर कुशीवरचा माणूस होता, अर्धा, पाऊण, कुठे नुसता खांदा. दिलीपनं नवा कागद मांडीखाली घातला होता.

"बरं," ते म्हणाले, आणि हात पुन्हा उशाला घेतला. "चालू द्या मग."

आम्ही कोळसे उचलले.